मूल 'ढ' नसते!
(शैक्षणिक वातावरण आणि प्राथमिक विद्यार्थ्यांची प्रगती)

एप्रिलच्या अखेरीस किंवा महाराष्ट्रदिनी, १ मे रोजी, प्राथमिक शाळांचा निकाल लागतो. मुले प्रगतिपुस्तक घेऊन घरी येतात. कोणाच्या घरी पेढे वाटले जातात, तर कोणाच्या घरी मुलाच्या पाठीत धपाटा बसतो. "शेजारचा बघ आणि तू बघ! तुझ्या डोक्यात भुसा भरलाय," असे चारचौघांत सांगितले जाते. पुढच्या वर्षी वर्गात तेच मूल शेवटच्या रांगेत बसते. गुरुजी त्याला प्रश्न विचारणे सोडून देतात. हळूहळू त्याचे नाव मागे पडते आणि 'ढ' हीच त्याची ओळख होऊन बसते. आठ-नऊ वर्षांच्या लेकराच्या कपाळावर बसलेला हा शिक्का पुढे आयुष्यभर पुसला जात नाही.

पूर्वी असे मूल निदान वरच्या वर्गात ढकलले जात असे. आता महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे. त्या परीक्षेत आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला, तर त्याला त्याच वर्गात बसावे लागते. गरीब घरातील मूल एकदा मागे राहिले की त्याचे पाऊल शाळेतून बाहेर पडायला फारसा वेळ लागत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. म्हणूनच निकाल हातात घेऊन मुलाला दोष देण्याआधी आपण एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. हे प्रगतिपुस्तक एकट्या मुलाचे आहे का? की ज्या वातावरणात ते शिकले, त्या वातावरणाचेही आहे?

शैक्षणिक वातावरण म्हणजे काय?

शैक्षणिक वातावरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळेची इमारत उभी राहते. परंतु इमारत हा त्याचा केवळ एक भाग झाला. मुलाच्या शिकण्यावर ज्या ज्या गोष्टींचा परिणाम होतो, त्या सर्व मिळून शैक्षणिक वातावरण तयार होते. वर्गातील जागा, उजेड आणि शांतता, वर्गातील मुलांची संख्या, शिक्षकांची वागणूक, मुलाच्या पोटातील अन्न आणि डोळ्यांवरची झोप, घरातील बोलणे-चालणे आणि शेवटी ज्या वस्तीत ते मूल वाढते ती वस्ती, एवढ्या सर्व गोष्टींचा त्यात समावेश होतो.

वातावरण बदलले की प्रगती बदलते, याचा सर्वांत मोठा पुरावा आपण नुकताच पाहिला. कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि दीर्घकाळ बंदच राहिल्या. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार, पाचवीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ साली सुमारे ५० टक्के होते. २०२२ मध्ये ते सुमारे ४३ टक्क्यांवर घसरले आणि शाळा नियमित सुरू झाल्यानंतर २०२४ मध्ये पुन्हा ४९ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. या चार वर्षांत देशातील मुलांची बुद्धी कमी झाली होती काय? मुळीच नाही. मुले तशीच होती. त्यांच्याभोवतीची शाळा नाहीशी झाली आणि ती परत आली, एवढाच काय तो फरक.

जागा, उजेड आणि आवाज

आवाजाचा मुलांच्या वाचनावर किती परिणाम होतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरातील आहे. तेथील एका प्राथमिक शाळेच्या शेजारून उंचावरील लोहमार्ग जात होता. शाळेच्या एका बाजूच्या वर्गांत दर काही मिनिटांनी गाडीचा खडखडाट ऐकू येई, तर दुसऱ्या बाजूचे वर्ग शांत होते. शाळा एकच, मुले एकाच वस्तीतील. तरीही १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, गोंगाटाच्या बाजूला शिकणारी मुले वाचनात मागे पडत होती आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होत होते. पुढे रेल्वेने रुळांखाली रबरी पट्ट्या बसवल्या आणि शाळेने वर्गांच्या छतांना आवाज शोषून घेणारे आच्छादन लावले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांमधील अंतर नाहीसे झाल्याचे दिसून आले. मुलांना जादा शिकवणी दिली नव्हती. फक्त आवाज कमी केला होता.

मुंबईतील रुळांलगतच्या वस्त्या, गिरणगावातील चाळी, हमरस्त्यावरील शाळा आठवल्या की हे उदाहरण परके वाटत नाही. आणि येथे एक गोष्ट आपल्याच माणसांना नम्रपणे सांगावीशी वाटते. १४ एप्रिलला आपण मोठ्या उत्साहाने जयंती साजरी करतो. याच एप्रिल महिन्यात प्राथमिक शाळांच्या वार्षिक परीक्षा असतात. रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक सुरू राहिला, तर चाळीच्या खोलीत पाढे पाठ करणाऱ्या मुलाने काय करावे? रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकावर बंदी घालणारे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. पण त्यासाठी कायद्याची वाट कशाला पाहायची? ज्या महामानवाने रात्र-रात्र वाचनात घालवली, त्यांच्या जयंतीच्या महिन्यात मुलांना शांतता मिळावी, हेही त्यांना अभिवादनच आहे.

जागेबद्दल कायदा काय सांगतो, हेही पालकांना ठाऊक असावे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमानुसार प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, क्रीडांगण आणि ग्रंथालय असणे बंधनकारक आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. या सुखसोयी नव्हेत, हा मुलांचा हक्क आहे. स्वच्छतागृह नसेल तर मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, आणि तहानलेल्या मुलीचे लक्ष फळ्यावर राहत नाही.

वर्गातील मुलांची संख्या

याच कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले आहे. संख्येने एवढा काय फरक पडतो, असे कोणी विचारील. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात याविषयी मोठा प्रयोग झाला. ७९ शाळांतील बालवाडी ते तिसरीच्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वेगवेगळ्या वर्गांत विभागले गेले. काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, तर काही २२ ते २५ मुलांचे होते. लहान वर्गांतील मुले वाचनात आणि गणितात पुढे गेली. यातील विशेष लक्षात घेण्यासारखा भाग असा की, हा फायदा कृष्णवर्णीय मुलांना अधिक झाला. ज्याला घरी अभ्यासात मदत करणारे कोणी नसते, त्याला शिक्षकाने जवळ येऊन वही पाहणे हीच एकमेव मदत असते.

आपल्याकडे द्विशिक्षकी शाळांतील प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे मुले थोडी असली तरी एकाच गुरुजींना दोन-दोन वर्ग एकाच वेळी सांभाळावे लागतात. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन तिसरीला गुणाकार शिकवायचा, ही कसरत असते. अशा शाळेतील शिक्षकांवर टीका करण्यापूर्वी आपण त्यांची अडचण समजून घेतली पाहिजे.

शिक्षकांची नजर

इमारत, संख्या या दिसणाऱ्या गोष्टी झाल्या. पण शैक्षणिक वातावरणाचा सर्वांत प्रभावी घटक डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे शिक्षक मुलाकडे कोणत्या नजरेने पाहतात.

१९६८ साली रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेतील प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगण्यात आले की, ही मुले यंदा चांगली चमकणार आहेत. वास्तविक ती नावे कोणत्याही गुणवत्तेशिवाय निवडलेली होती. तरीही वर्षअखेरीस पहिली-दुसरीतील अशा मुलांनी इतरांपेक्षा अधिक प्रगती केल्याचे आढळले. पुढील संशोधकांनी हा परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा नसतो, असे दाखवून दिले. तरीही शिक्षक ज्याच्याकडून अपेक्षा ठेवतात, त्याला अधिक वेळा विचारतात, चुकल्यास थांबून पुन्हा संधी देतात, हे कोणीही वर्गात बसून पाहावे. शेवटच्या रांगेतील मुलाचा हात वर असूनही जेव्हा त्याला विचारले जात नाही, तेव्हा काही दिवसांनी तो हात वर करणेच सोडून देतो.

आता आपल्या देशातील उदाहरण पाहू. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलांना कागदावरील वाटा शोधण्याची कोडी सोडवायला दिली. जेव्हा कोणाचीही जात सांगितली गेली नाही, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. पण जेव्हा सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली गेली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घटली आणि दोन गटांत मोठी दरी पडली. मुले त्याच तोडीची, कोडीही तशीच. फक्त एक शब्द सर्वांसमोर उच्चारला गेला होता.

हा प्रयोग वाचताना आपल्याला साताऱ्याची शाळा आठवल्याशिवाय राहत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, त्यांना वर्गात इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे आणि शाळेच्या शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर पाणी नाही. गोणपाट आज गेले, पण त्याचे अवशेष गेले का? शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायचे असतात तेव्हा अनेक वर्गांत "मागासवर्गीय मुलांनी उभे राहावे" असे पुकारले जाते. पुकारणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसेलही. परंतु चाळीस डोळे एकाच वेळी वळतात, तेव्हा त्या उभ्या राहिलेल्या मुलाच्या मनात काय होत असेल? तीच माहिती पालकांना बोलावून किंवा एकेकाला जवळ घेऊन विचारता येते. त्याला पैसा लागत नाही, फक्त थोडी जाणीव लागते.

भाषेच्या बाबतीतही असेच आहे. मूल घरी वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलते, आणि शाळेत आल्याबरोबर 'अशुद्ध' म्हणून त्याला हसले जाते. हसल्या गेलेल्या मुलाचे तोंड बंद होते. आणि ज्याचे तोंड बंद झाले, त्याचे वाचनही मागे पडते. घरच्या बोलीचा हात धरूनच मुलाला पुस्तकाच्या भाषेकडे न्यावे लागते.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच मातीत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखांविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. त्या काळात जिच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, ती मुलगी एवढ्या धिटाईने लिहू शकली, कारण तिला शिकवणाऱ्यांच्या नजरेत विटाळ नव्हता, विश्वास होता.

पोट, झोप आणि डोळे

उपाशी मुलाला गणित सुचत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण आहार योजना सुरू झाली. सुरुवातीला अनेक ठिकाणी मुलांना कोरडा तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिल्यानंतर शाळेतच शिजवलेले अन्न देण्याची पद्धत रुजली. प्राथमिक वर्गातील मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे त्याचे प्रमाण आहे. या खिचडीचे दुसरे मोलही आहे. सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसून जेवतात. ज्या शाळेत ही पंगत वेगळी होत असेल, तेथे पालकांनी गप्प बसता कामा नये.

मात्र दुपारचे जेवण सकाळची भूक भागवत नाही. कामाला जाण्याच्या घाईत अनेक घरांत मूल नुसता चहा पिऊन शाळेत जाते. रात्रीची भाकरी-चटणी का होईना, मुलाच्या पोटात काही घालूनच त्याला शाळेत पाठवले पाहिजे.

झोपेचेही तसेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तासांची झोप आवश्यक असते. लहान मुलांची झोप पुरी होत नाही हे लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय घेतला. पण घरात रात्री साडेअकरापर्यंत दूरदर्शन संच आणि मोबाइल चालू राहत असतील, तर शासनाच्या निर्णयाचा उपयोग काय?

आणखी एक गोष्ट पालक विसरतात. पुष्कळदा ज्याला आपण 'ढ' समजतो, त्या मुलाला फळ्यावरचे दिसतच नसते किंवा एका कानाने कमी ऐकू येत असते. मूल ते सांगत नाही, कारण सर्वांना असेच दिसते असे त्याला वाटते. वहीत डोके खुपसून लिहिणे, फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करणे, हाक मारल्यावर उशिरा वळणे, ही लक्षणे दिसली तर आधी तपासणी करावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके शासकीय शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी मूल शाळेत हजर राहील, याची काळजी घ्यावी. शंभर शिकवण्यांनी जे होत नाही, ते कधी कधी एका चष्म्याने होते.

"परिस्थितीवर मात करावी" हे खरे, पण...

येथे काही वाचक एक आक्षेप घेतील. "बाबासाहेबांना कुठे सोयी होत्या? ते परिस्थितीवर मात करून मोठे झाले. आजच्या मुलांना सर्व काही मिळते, तरी ती शिकत नाहीत." हे वाक्य आपण व्यासपीठावरून वारंवार ऐकतो. परंतु बाबासाहेबांचे चरित्र नीट वाचले तर निराळेच चित्र दिसते.

शाळेचे वातावरण त्यांच्याविरुद्ध होते, हे खरेच. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुले ते उचलायला धावली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. पण घरचे वातावरण? परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सगळे कुटुंब राहत होते. गोंगाटात अभ्यास होईना, म्हणून सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत आणि मध्यरात्रीनंतर, सर्वत्र शांतता असताना, स्वतः उठून त्याला अभ्यासाला जागे करीत. पुस्तकासाठी हातात पैसे नसत तेव्हा ते आपल्या विवाहित मुलींकडून उसने घेत, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवीत, पण पुस्तक आणीत. चाळीत जागा नव्हती, तेव्हा चर्नी रोडच्या बागेतील बाक ही अभ्यासिका झाली. त्याच बागेत शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची नजर या वाचणाऱ्या मुलावर पडली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर पुढील शिक्षणासाठी केळुसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

म्हणजे त्या असामान्य बुद्धीलाही शांततेचे दोन तास, एक पुस्तक, एक बाक आणि विश्वास ठेवणारा एक शिक्षक लागला. हे सर्व कोणीतरी मुद्दाम उभे केले होते. आणि स्वतः बाबासाहेबांनी पुढे काय केले? आपण शिकलो तसे सर्वांनी हाल सोसून शिकावे, असे त्यांनी म्हटले नाही. १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढील वर्षीच सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. अभ्यासाला जागा आणि वातावरण लागते, हे ज्याने स्वतः भोगले होते, त्यानेच ते निर्माण करण्यासाठी आयुष्य वेचले. म्हणून परिस्थितीवर मात करण्याचा उपदेश मुलाला करण्याआधी, त्याची परिस्थिती बदलण्याची जबाबदारी आपली आहे.

घर : पहिली शाळा

१९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारलेल्या या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, विद्यार्थ्यांच्या यशापयशात शाळेच्या साधनांपेक्षा घराच्या पार्श्वभूमीचा वाटा मोठा असतो. हे वाचून निरक्षर आई-वडिलांनी निराश होण्याचे कारण नाही. घराची पार्श्वभूमी म्हणजे फक्त पालकांच्या पदव्या नव्हेत.

ज्या आईला लिहिता-वाचता येत नाही, तीही संध्याकाळी मुलाला जवळ बसवून "आज शाळेत काय शिकवलं ते मला सांग," असे म्हणू शकते. सांगताना मुलाचा धडा आपोआप पक्का होतो. वाण्याच्या पुडीचा कागद, बसवरची पाटी, औषधाच्या बाटलीवरील नाव मुलाकडून वाचून घेता येते. बाजारात हिशेब मुलाला करायला लावता येतो. एकच खोली असली तरी सायंकाळी सात ते आठ हा तास अभ्यासाचा ठरवून त्या वेळात सर्व आवाज बंद ठेवता येतात. कोपऱ्यात एक पाट आणि भिंतीला टांगलेली एक पिशवी, एवढी जागाही "ही माझी अभ्यासाची जागा" म्हणून मुलाला पुरते. आणि चूक झाल्यावर मारण्याऐवजी "पुन्हा करून बघ" असे म्हणता येते. मार खाणारे मूल उत्तर शोधत नाही, मार चुकवण्याचा मार्ग शोधते.

काही घरांची अडचण मात्र याहून मोठी आहे. मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीला जातात आणि त्यांच्याबरोबर मुलेही शाळा सोडून फडावर जातात. वर्षाचा अर्धा भाग ज्याने शाळा पाहिली नाही, ते मूल परीक्षेत मागे पडले तर दोष कोणाचा? अशा मुलांना गावातच ठेवता यावे यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. ती वेळेवर सुरू होते की नाही, याकडे गावातील सुशिक्षितांनी लक्ष दिले पाहिजे.

वस्ती आणि आपले मंडळ

शेवटी मुद्दा येतो तो आपल्या कर्तव्याचा. वस्तीतील सामान्य शिक्षित तरुणीसुद्धा किती बदल घडवू शकतात, हे मुंबईने दाखवून दिले आहे. महानगरपालिकेच्या शाळांत 'प्रथम' या संस्थेने 'बालसखी' नावाचा उपक्रम राबवला. तिसरी-चौथीतील अभ्यासात मागे पडलेली १५ ते २० मुले रोज सुमारे दोन तास वेगळी बसवून वस्तीतीलच एक तरुणी त्यांना अक्षरओळख आणि साधे गणित शिकवी. मुंबई व बडोदा येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा अभ्यास केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मुलांच्या गुणांत चांगली वाढ झाली, आणि सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. या 'बालसखी' काही पदवीधर शिक्षिका नव्हत्या. आपल्या वस्तीत दहावी-बारावी झालेल्या अशा कितीतरी लेकी घरी बसून आहेत!

यावरून आपल्या मंडळाने व सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते :

१. वंदनेनंतर विहाराचे सभागृह बहुतेक वेळ कुलूपबंद असते. रोज सायंकाळी दोन तास ते प्राथमिक शाळेतील मुलांसाठी अभ्यासिका म्हणून उघडावे. चांगला उजेड, बसायला सतरंजी आणि पिण्याचे पाणी एवढेच लागेल. वस्तीतील कोणत्याही जातिधर्माच्या मुलाला तेथे मज्जाव नसावा.

२. दहावीच्या पुढे शिकणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी आठवड्यातून दोन संध्याकाळ द्याव्यात आणि वाचनात मागे पडलेल्या चार-पाच मुलांची जबाबदारी घ्यावी. शिकवताना आपलाही पाया पक्का होतो.

३. गुणवंतांच्या सत्काराबरोबरच, वर्षभरात ज्याने सर्वांत मोठी मजल मारली अशा मुलाचाही सत्कार करावा. ३५ वरून ५५ वर आलेले मूल ९० टक्केवाल्याइतकेच कौतुकास पात्र आहे.

४. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. या समितीवर जाणाऱ्या आपल्या भगिनींनी केवळ सहीपुरते न जाता पाणी, स्वच्छतागृह, शिक्षकसंख्या आणि मुलांना दिली जाणारी वागणूक यांबद्दल सभेत विचारावे.

५. मार्च-एप्रिलमध्ये ध्वनिवर्धकाची वेळ मंडळानेच ठरवून घ्यावी आणि ती स्वतः पाळावी.

या पाच गोष्टींना मोठा निधी लागत नाही. लागतो तो नियमितपणा. उद्घाटनाच्या दिवशी गर्दी आणि महिन्याभराने कुलूप, असे आपल्या अनेक उपक्रमांचे होते, ते येथे होऊ देता कामा नये.

समारोप

बी खडकावर पडले तर उगवत नाही म्हणून शेतकरी बियाला शिव्या देत नाही. तो जमिनीची मशागत करतो. आपण मात्र मुलाच्या बाबतीत नेमके उलटे करतो. शाळा, घर आणि वस्ती यांची मशागत न करता बियालाच 'ढ' म्हणून फेकून देतो. सगळीच मुले पहिली येतील, असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येकाची गती वेगळी असते. पण तिसरीतल्या प्रत्येक मुलाला आपल्या पुस्तकाचे पान अडखळत का होईना वाचता यावे आणि वर्गात हात वर करताना त्याला भीती वाटू नये, एवढे वातावरण निर्माण करणे आपल्या आवाक्यात निश्चित आहे.

पुढच्या १ मेला मूल प्रगतिपुस्तक घेऊन घरी येईल, तेव्हा गुणांचा रकाना पाहण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. वर्षभरात त्याला शांततेचा तास मिळाला का? सकाळी त्याच्या पोटात काही गेले होते का? कोणी त्याची वही पाहिली का? कोणी त्याला "तुला जमेल" असे म्हटले का? या प्रश्नांची उत्तरे 'होय' अशी देता आली, तर बाबासाहेबांनी दिलेल्या 'शिका' या पहिल्या शब्दाचा अर्थ आपल्याला कळला असे समजावे. मूल शिकतेच. त्याला शिकू देणारे घर, शाळा आणि वस्ती आपण उभी करू या.